कडुनिंबाच्या ओळी आणि म्हातारीची आकडी

काळ्या मातीच्या एका गावात एक शेतकरी राहत होता. कष्टाला वाघ, पण हाताचा आखडता. बापाने शेतात कडुनिंबाच्या लांब ओळी लावून ठेवल्या होत्या. दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात ज्वारी पिके. निंब वारा अडवीत, पाचोळ्याचे खत होई, घराची वर्षाची भाकरी निघे.

निंब शेतकऱ्याचे, पण फांद्या गावाच्या. कोणी दातवणाला काडी मोडी, कोणी पाडव्याला डहाळी नेई. धनगराची म्हातारी तर शेरडांसाठी रोज भारा बांधी.

शेतकऱ्याला ते सलू लागले. "झाडं माझी, अन् दात गावाचे पांढरे!" असे म्हणून त्याने बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले.

बायको म्हणाली, "अहो, पाडव्यालाही माणसं परत धाडणार?"

"धाडणार. कडू पाल्यावाचून कोणी मेलं नाही."

दोन पावसाळे गेले. निंब असे फोफावले की ओळीला ओळ भिडली. खाली भर दुपारी सावली. ज्वारी पिवळी पडली. हुरड्याच्या दिवसांत बायकोने चार कणसे चोळली आणि मोजक्या दाण्यांचा तळहात पुढे केला. "घ्या. हाच हुरडा अन् हीच वर्षाची भाकरी!"

"कोणीतरी चोरतंय," शेतकरी गुरगुरला आणि राखणीला बसला.

सकाळी बांधाकडे काडकन आवाज झाला. म्हातारी कुंपणाबाहेरून लांब आकडीने फांद्या ओढत होती. शेतकरी काठी उगारून धावला आणि धावता धावता ज्वारीत बुडाला. ताटे डोक्याच्या वर, कणसे मुठीएवढी. म्हातारी दिसेना.

"कुठं लपलीस, चोरटे?"

"मी हितंच हाय. तूच कुठं गेलास, बाबा?"

त्याने वर पाहिले. इथल्या फांद्या विरळ होत्या, ऊन थेट मातीवर पडत होते. मागे वळून पाहिले, तर शेतभर अंधार. काठी आपोआप खाली आली.

"मावशी, कधीपासून नेतेस?"

"तू काटं लावलंस तवापासून. आकडी पोचंल तेवढंच नेते रे. शेरडं उपाशी कशी ठेवू?"

"चुकलंच तुझं."

म्हातारी घाबरली.

"कडेचंच नेलंस. आता आत ये अन् मधलंही ने."

त्याच दिवशी त्याने कुंपण उपटले आणि दारोदार जाऊन सांगितले, "फांद्या न्या."

लोक हसले. "तापबीप आलाय काय रे?"

"आला होता. उतरला," तो म्हणाला.

पुढच्या साली ज्वारी अशी आली की कापणीला गाव अपुरा पडला.

तात्पर्य: कुंपण जरूर घालावे, पण चोराबरोबर आपण ऊनही अडवत नाही ना, एवढे आधी बघावे.