दरीपलीकडचा वाघ

डोंगरावरच्या अभयारण्यात जीपचा रस्ता नुकताच पोहोचला होता, तेव्हाची गोष्ट. तिथला भृंगराज पक्षी सगळ्यांच्या हाका हुबेहूब काढायचा. धनेश पक्षी मात्र त्याच्यावर डाफरायचा, "सगळी उसनवारी! माझ्या हाकेला हात लावलास तर याद राख!"

धनेशाची बायको ढोलीचं तोंड लिंपून आत अंडी उबवत होती. फटीतून नवरा भरवेल तेवढंच तिचं खाणं. एका सकाळी पर्यटकांची जीप नेमकी त्याच झाडाखाली थांबली. भरवतानाचा फोटो मिळाल्याशिवाय हलायचंच नाही, असा माणसांचा हट्ट. त्यांना भिऊन धनेश चोचीत उंबर धरून लांबच घुटमळत राहिला. दुपार कलली. फटीतून डोकावणारी चोच दिसेनाशी झाली.

भृंगराज गुपचूप दरीपलीकडे उडाला. वाघ दिसल्यावर ओरडतात तसं तिथे भेकर भुंकलं, वानर खाकरलं, मोर किंचाळला.

"वाघ! तिकडे वाघ आलाय!" वाटाड्या ओरडला आणि जीप धुरळा उडवत पळाली.

धनेशाने झेप घेतली. फटीतून चोच बाहेर आली, उंबर घेऊन आत गेली. सारं रान आनंदाने कलकललं.

संध्याकाळी धनेश भृंगराजाशेजारी येऊन बसला. घसा साफ करत म्हणाला, "माझी हाक तेवढी राहिलीय तुझी. नीट ऐक हं, शिकवतो."