तबकड्या वळवल्या तेव्हा

डोंगरांच्या कुशीतल्या एका गावात रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या उभ्या होत्या. त्याच गावची लेक रेणुका शिकून शास्त्रज्ञ झाली आणि तिथेच कामाला लागली.

दूरदूरच्या दीर्घिका म्हणजे ताऱ्यांच्या अफाट वस्त्या. तिथल्या हायड्रोजन वायूकडून निघालेल्या रेडिओ लहरी ती शोधायची. विश्व प्रसरण पावत असतं, म्हणून वाटेत या लहरी ताणल्या जातात. जितकी दीर्घिका लांब, तितकी लहर जास्त ताणलेली आणि तितकीच क्षीण.

एकदा रेणुकाला अशी एक लहर सापडली. गणित सांगत होतं, इतक्या लांबची लहर आजवर कोणी टिपलेली नाही! गावाला कोण आनंद झाला. शाळेच्या पटांगणात सत्कार ठरला. तिची आई पार्वताबाई घरोघरी जाऊन बोलावणं करून आली.

पण सत्काराच्या सकाळी रेणुकाचं मन तिला खाऊ लागलं. घाईत एक तपासणी राहून गेली होती. तबकड्या दुसरीकडे वळवल्या, तर लहर नाहीशी व्हायला हवी. तिने त्या वळवल्या. लहर तशीच राहिली. म्हणजे ती आभाळातली नव्हतीच.

तिने धावत जाऊन टिळेकर सरांना सांगितलं. ते तिचे मार्गदर्शक.

"अगं, मंडप भरलाय. आज हार घे, चूक सावकाश कळवू."

"सर, खोट्या शोधाचा हार गळ्यात कसा घालू?"

ती मंचावर गेली. "माझा शोध चुकला. ती लहर आपल्या पृथ्वीवरचीच आहे."

मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. रेणुकाला आईकडे पाहवेना.

तोच पार्वताबाई उठल्या. मान ताठ, आवाज खणखणीत. "हसता कशाला? माझ्या लेकीची चूक दुसऱ्या कुणाला काढावी लागली नाही!"

पहिली टाळी टिळेकर सरांनी वाजवली. मग सारा मंडप दणाणला.

पुढे शोध घेतला, तेव्हा एका घरावरचा टीव्हीचे सिग्नल वाढवणारा बिघडलेला बूस्टर त्या लहरी सोडत असल्याचं कळलं. घरमालकाने तो लगेच काढला. त्या लहरींचा गोंगाट थांबला, आणि काही वर्षांनी रेणुकाला एक खरी दीर्घिका सापडली. ती सर्वांत लांबची नव्हती. पण परदेशातल्या शास्त्रज्ञांनी पडताळून पाहिली, तेव्हा रेणुकाचा शब्द न् शब्द खरा निघाला.

तात्पर्य: जो आपली चूक आपणच शोधतो आणि चारचौघांत सांगतो, त्याचा मान वाढतो.