सावलीचा रंग

“पण ही एकच राहू दिली, तर कुणाचं काय जातं, मास्तर?”

मुंबईतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दिवाळीचं रांगोळी प्रदर्शन भरलं होतं. ते आता संपलं होतं. देव झाडून झाले, नट्या झाल्या, पुढारी झाले. जमिनीवर एकच चेहरा उरला होता. तो मोरेश्वरच्या बायकोचा, शालनचा. ती आषाढात गेली होती.

सकाळी शाळा उघडायची होती. पोरं धावत येणार होती.

दळवी मास्तर हातात झाडू घेऊन दोरीबाहेर उभे होते. त्यांचा शिष्य मोरेश्वर दोरीच्या आत, चित्र अडवून.

“लोक काय म्हणाले?” मास्तरांनी विचारलं.

“फोटोच वाटतो म्हणाले. एक बाई म्हणाली, कुठल्या सिरियलमधली हो ही?”

“मग?”

“मग काय! अख्ख्या हॉलमध्ये असं काम दुसरं नव्हतं. तुमचंसुद्धा.”

“नव्हतं.”

मोरेश्वरचा आवाज उतरला.

“फोटोत ती अशी कधी आलीच नाही, मास्तर. तिचं बघणं मला आठवेनासं झालं होतं. चिमटीतून रंग सुटला आणि ती बघायला लागली. आता झाडायची?”

“हो.”

“पुन्हा जमणार नाही मला.”

“नाही जमणार.”

मोरेश्वर चिडला.

“जन्मभर देव आणि पुढारी काढलेत तुम्ही. आपलं माणूस कधी काढलं नाहीत. तुम्हाला काय कळणार?”

“काढलं होतं. एकदा.”

“मग कुठाय ते?”

मास्तर दोरीजवळ सरकले.

त्यांची एक रीत होती. झाडलेली रांगोळी ते टाकत नसत. सगळे रंग मिसळून एकच मळकट राखी रंग होई. तो चाळून ते एका पत्र्याच्या डब्यात भरत. दरवर्षी त्याच डब्यात, आधीच्या रंगावर. सावल्या भरायला तसा रंग बाजारात मिळत नाही. त्या डब्याला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. यंदा तो मोरेश्वरला दिला होता.

मास्तर दोरी ओलांडून आत आले. गुडघे धरून, कष्टाने खाली बसले. शालनच्या हनुवटीपाशी बोट नेलं. टेकवलं नाही.

“ही सावली कशाने भरलीस?”

“तुमच्या डब्यातल्या रंगाने.”

हॉलमधले पंखे अजून बंदच होते. मास्तर त्या सावलीकडे बघत राहिले. श्वास आवरून, एक कणही उडू नये म्हणून.

मग त्यांनी झाडू मोरेश्वरपुढे धरला.

“त्यात माझा थोरला मुलगा आहे... घे.”