काळा राजा आडवा होतो

लाकडी मोहरे बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. स्पर्धेच्या शेवटच्या डावात शलाकाताईंनी नानासाहेबांच्या काळ्या राजावर मात केली. नानासाहेब लोकांकडे पाहून हसले. "बाईमाणूस म्हणून जरा सैल सोडलं!" लोकही हसले.

काळ्या राजाचं पित्त खवळलं. "सैल? चाळीस चाली मी जीव मुठीत धरून पळत होतो!"

"जाऊ द्या महाराज, आपलेच धनी आहेत," मारला गेलेला उंट पटाबाहेरून कुजबुजला.

"धन्याची अब्रू झाकायला तिची विद्या झाकू?" असं म्हणून राजा शलाकाताईंसमोर आडवा झाला. हार मानायची तीच रीत.

नानासाहेबांनी घाईघाईने त्याला उभं केलं. तो पुन्हा आडवा झाला. तिसऱ्यांदाही तेच झालं.

"नाना," मागून कोणीतरी म्हणालं, "तुमचा राजा तुमच्यापेक्षा खरा निघाला."