पंपघरामागच्या दूर्वा

माघ वद्य चतुर्थी. पहाटे दाट धुके, वारा अजिबात नाही.

एका गावाला लागून अठ्ठेचाळीस घरांची एक वसाहत होती. वसाहतीच्या मधोमध सगळ्यांची मिळून एक बाग होती. बागेतली हिरवळ गालिच्यासारखी मऊ आणि एकसारखी. तिच्यात एक किडा दिसत नसे, कारण दर आठवड्याला एक माणूस पाठीवर पंप घेऊन येई आणि कोपऱ्या-कोपऱ्यात औषध मारून जाई.

वसाहतीच्या चिटणीस होत्या सुलभाताई खैरनार. बाई शिस्तीच्या. बागेच्या फाटकाशी त्यांनी एक काळा फलक लावून घेतला होता. त्यावर लिहिले होते, ‘फुले-पाने तोडू नयेत. तोडणाऱ्याचे नाव खाली लिहिले जाईल.’ नावे त्या स्वतः खडूने लिहीत. एकदा गोदाबाई म्हस्के ही म्हातारी ओंजळभर जास्वंदी घेऊन जाताना सापडली, तेव्हा तिचेही लिहिले. तेव्हापासून गोदाबाईंनी त्यांच्याशी बोलणे टाकले होते.

पण सुलभाताईंची एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. दर संकष्टीला, वसाहत उठायच्या आत, त्या बागेतल्या पाण्याच्या पंपघरामागे जाऊन गणपतीसाठी दूर्वा खुडत. एकवीस जुड्या, पदराखाली झाकून. त्या दिवशीही खुडल्या. पूजेतून उरलेल्या दूर्वा धुऊन, वाटून त्यांनी सासऱ्यांना रस दिला. अप्पांना उष्णतेचा त्रास होता आणि त्या रसाने त्यांना बरे वाटे. त्या दिवशी मात्र तासाभरात त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. पंपवाला आदल्याच संध्याकाळी येऊन गेला होता.

अप्पा तीन दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरांना सुलभाताईंनी खरे ते सांगितले. वसाहतीत सांगितले, बाहेरचा उसाचा रस बाधला.

अप्पा घरी आले आणि सुलभाताईंनी मनाशी ठरवले, की ही फवारणी बंद झालीच पाहिजे. त्यांनी अर्ज लिहिला आणि घरोघर सह्यांसाठी फिरल्या. कडेला खेळणारी मुले, फुलपाखरे, मुंग्या, सगळे समजावून सांगितले. लोकांनी चहा पाजला, मान डोलावली आणि सही उद्या करतो म्हणाले. आठवडाभरात सह्या झाल्या पाच.

सभेत अध्यक्ष दिगंबर शेटे यांनी अर्ज वाचला. माणूस वाईट नव्हता. उघड्या माळावर त्यांनी स्वतः उभे राहून ती हिरवळ वाढवली होती, आणि हुमणीच्या अळ्यांनी ती एकदा मुळापासून खाल्लेलीही पाहिली होती.

“सुलभाताई,” ते म्हणाले, “हिरवळीवर कुणी चालायचं नाही, असा आपला नियम आहे. फुलं-पानं तोडायची नाहीत, तो फलक तर तुम्हीच लावलात. मग औषध बाधणार कुणाला? फलकाला?”

लोक हसले. मागून कुणीतरी विचारले, की अप्पांना उसाचा रस बाधला होता ना? अर्ज फेटाळला गेला.

घरी येऊन त्यांनी सगळे अप्पांना सांगितले. अप्पा म्हणाले, “सूनबाई, त्या फलकावर तू इतक्यांची नावं लिहिलीस. अक्षर छान आहे तुझं. आणखी एक लिही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, लोक दूध आणायला निघाले तेव्हा, सगळ्यांच्या देखत सुलभाताईंनी फलकावर लिहिले: ‘सुलभा खैरनार. दूर्वा, पंपघरामागून, नऊ वर्षे दर संकष्टीला. अप्पांना त्याच बाधल्या. उसाचा रस नव्हता.’

लोक थांबून वाचत, त्यांच्याकडे बघत आणि पुढे जात. त्या खडू हातात घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. दुपारी शेट्यांनी ओल्या फडक्याने फलक पुसला. संध्याकाळी सुलभाताईंनी तेच पुन्हा लिहिले. तीन दिवसांत फलक तीनदा पुसला गेला आणि चारदा लिहिला गेला.

चौथ्या दिवशी गोदाबाई काठी टेकत आल्या. सुलभाताईंच्या हातातून त्यांनी खडू काढून घेतला.

“मी रोज पाच जास्वंदी नेते,” त्या म्हणाल्या. “तू एकदाच पकडलंस.” आणि आपले नाव त्यांनी आपल्या हाताने लिहिले.

मग कुणी कढीपत्ता लिहिला, कुणी तुळस लिहिली. जो गृहस्थ सभेत सर्वांत मोठ्याने हसला होता, त्याने लिहिले, ‘शेवग्याची पाने, भाजीसाठी.’ खडू संपला तेव्हा सुलभाताईंनी नवी पेटी आणून फलकाखाली ठेवली. इतक्या शेजाऱ्यांची नावे पुसायला शेटे धजले नाहीत, आणि आठवडाभरात फलक खालपर्यंत भरला.

शेवटी एका सकाळी शेटे पुन्हा ओला फडका घेऊन आले. सर्वांत खाली, कडेला, बारीक अक्षरात एक नवी ओळ होती: ‘प्रमिला शेटे. गवती चहा, चार पाती, रोज. अध्यक्षांच्या चहासाठी.’

आपल्या बायकोचे अक्षर त्यांनी दोनदा वाचले. सुलभाताई फाटकाशीच होत्या. शेट्यांनी फडका पिळला, खांद्यावर टाकला आणि विचारले, “हुमणी लागली तर काय करायचं?”

“मी खुरपं घेऊन बसेन,” सुलभाताई म्हणाल्या. “रोज सकाळी. तुम्हीही या.”

फाल्गुन वद्य चतुर्थी. सकाळी स्वच्छ ऊन, दुपारनंतर ढगाळ. सभेला चव्वेचाळीस घरे हजर. फवारणी बंद करण्याच्या ठरावाच्या बाजूने एकोणचाळीस, विरुद्ध पाच. पंपवाल्याला त्याच संध्याकाळी फाटकावरून परत पाठवले.

तात्पर्य: दुसऱ्यांनी खरे बोलावे असे वाटत असेल, तर आपली लपवलेली गोष्ट आधी आपण उघड करावी, आणि ती कितीदाही पुसली गेली तरी पुन्हा लिहावी.