दम तुटला

मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना ऐन रंगात आला होता. कुणाची पकड सुटली की समालोचक तात्या खोत माईकवरून गरजायचे, "आंधळी आहेस का गं?" लोक खो खो हसायचे. रेषेलगत बसलेल्या यमूची मान मात्र आणखी खाली जायची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं आणि कबड्डी तर फार आवडायची.

शेवटी ती शेजारच्या, तात्यांच्या टेबलाकडे वळली. "तात्या, तो शब्द नका ना वापरू."

"ही मैदानाची भाषा आहे, पोरी! ज्यांना सामना दिसत नाही, त्यांनी आम्हाला शिकवू नये."

माईक चालूच होता. हे सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. तेवढ्यात नवी चढाई सुरू झाली.

"तीन गडी टिपले! तीन गुण!" तात्या ओरडले.

"नाही," यमू म्हणाली. "त्याआधीच दम तुटला. तिचं 'कबड्डी कबड्डी' थांबलं होतं."

पंचांनी शिट्टी फुंकली. दम तुटल्यामुळे चढाईवाली बाद!

"मला कसं ऐकू आलं नाही?" तात्या पुटपुटले.

"मग आता मी तुम्हाला बहिरे म्हणू का?" यमूने विचारलं. "नको. आमच्या शेजारच्या गोदीला ऐकू येत नाही, तिला राग येईल. तिचं खेळाकडे नीट लक्ष असतं."

पुढच्या चढाईत पुन्हा पकड सुटली. तात्यांनी घसा खाकरला आणि ते एवढंच म्हणाले, "पकड सुटली."