घोंगड्याची खिंड

सोनारशेतला चढणारी पायवाट ज्या खिंडीतून जाते, तिथपासून खाली ओढ्यापर्यंत मुंग्यांची शंभरावर वारुळे आहेत. या टोकाची मुंगी उचलून त्या टोकाच्या वारुळावर सोडली, तर तिथल्या मुंग्या तिला मिशांनी चाचपतात आणि आपल्या वाटेने जातात. चावत नाहीत, ओढत नाहीत. दुसऱ्या डोंगरावर हेच केले, तर तिचे तुकडे होतात.

खिंडीत खुंटीवर एक काळे घोंगडे टांगलेले असते. गावात येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर ते क्षणभर टाकतात, हातात अर्धी भाकरी देतात, आणि कुठून आलात हे विचारत नाहीत. देवळाचे कारभारी म्हणतात, देवाने तसा दृष्टांत दिला. खिंडीत चहा विकणाऱ्या यमाबाईंची गोष्ट वेगळी आहे. "देवाला कशाला त्रास? घोळ माणसांनी घातला, निस्तरलाही माणसांनीच," असे म्हणून त्या सांगू लागतात.

फार पूर्वी या पठारावर पावसाळाभर असे धुके दाटे, की पुढे केलेल्या हाताची बोटे दिसत नसत. धुक्यातून गुरे पळवणारे येत. एकदा त्यांच्यातल्या एकाने गावकऱ्याचा हुबेहूब आवाज काढला, पहारेकऱ्याने वाट दिली, आणि सात माणसे मेली म्हणे. तेव्हा जाणत्यांनी ठरवले, आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. गावच्या चुलींत फक्त हिरड्याचे लाकूड जळे आणि त्याचा धूर प्रत्येकाच्या घोंगड्यात मुरलेला असे. येणाऱ्याने घोंगड्याचे टोक पुढे करायचे, पहारेकऱ्याने हुंगायचे. हिरडा असला तर आपला, नसला तर परत. हा नियम करणारे स्वतः कधी घाट उतरले नव्हते.

पहाऱ्यावर लुमाजी असे. डोळ्यांनी अधू, पण या कामाला नाकच लागे. त्याची मुलगी झिमा खाली खाडीकाठी दिलेली. तिचा नवरा तापाने गेला, सासरी कोणी उरले नाही. तान्ह्या मुलीला पोटाशी बांधून ती चार वर्षांनी घाट चढून आली आणि धुक्यातून हाक मारली. लुमाजीने तिच्या घोंगड्याचे टोक हुंगले. खारवलेल्या मासळीचा वास.

"आवाज माझ्या लेकीचा आहे," तो म्हणाला, "पण वास नाही."

त्याने जाणत्यांना निरोप धाडला. ते चुलीपाशी बसूनच म्हणाले, आज लेकीसाठी नियम मोडला तर उद्या मेव्हण्यासाठी मोडेल.

झिमा खिंडीबाहेरच्या कपारीत बसली. दोन दिवस गेले. तिचे दूध आटत चालले, बाळाचे रडणे बारीक होत गेले. ते लुमाजीला ऐकू येत होते.

कपारीशी एक वारूळ होते. झिमाच्या गाठोड्यातून मासळीचे तेल सांडले होते, त्यात एक मुंगी पडली. ती कशीबशी निघून घरी गेली, तर घरच्यांनी तिच्यावर मिशा फिरवल्या आणि पाय धरून तिला बाहेर ओढले. तीनदा. चौथ्या वेळी मात्र एक मुंगी थांबली. तिने तिला चाटले, तोंडाला तोंड लावून आपल्या पोटातला घास दिला. मग दुसरीने दिला, मग तिसरीने. थोड्या वेळाने त्या रांगेतली तेलात पडलेली मुंगी कोणती, ते झिमाला ओळखू येईना.

ती उठून खिंडीच्या दगडापाशी गेली.

"बा, वास कुणी जन्माला येताना घेऊन येतं का? जवळ घेतल्यावर लागतो तो. चार वर्षांत तू मला एकदा तरी जवळ घेतलंस?"

लुमाजीने काठी खाली ठेवली. मग तो खिंडीबाहेर आला. आपले घोंगडे त्याने लेकीवर आणि नातीवर पांघरले, फडक्यातली भाकरी मोडून अर्धी तिला दिली, आणि दोघींना कुशीत घेऊन तिथेच बसला.

दिवस कलताना ठकाजी पहारा बदलायला आला. लुमाजीने टोक पुढे केले. ठकाजीने हुंगले. हिरडा होता, मासळीही होती.

"बोल," लुमाजी म्हणाला. "आपला का परका?"

ठकाजीने टोक पुन्हा हुंगले. ज्याच्या नाकावर गाव तीस वर्षे निर्धास्त राहिले, त्यालाच बाहेर ठेवायचे? तो धावत गावात गेला. जाणत्यांची बैठक बसली. ती उठायच्या आत लुमाजीची बायको धोंडाई भाकऱ्या घेऊन खिंडीबाहेर आली आणि लेकीला बिलगली. शेजारणीने बाळाला आपल्या अंगावर पाजले. मग बाकीच्या बायका आल्या, मग पुरुष. घोंगड्यावर घोंगडे पडले. साऱ्या गावाला एकच वास येऊ लागला, आणि तो नवा होता. जाणते सगळ्यांत शेवटी आले. ठकाजीने रीतीप्रमाणे त्यांची घोंगडी हुंगली, आणि आता तीच तेवढी परकी निघाली, असे सांगतात. इथे यमाबाई हमखास हसतात.

बाळ जगले. त्या दिवशी सांडलेला भाकरीचा चुरा मुंग्यांनी नेला. तेव्हापासून दरवर्षी गावच्या बायका एकाच पिठाच्या भाकरीचा चुरा वारुळा-वारुळावर ठेवतात. म्हणून सगळी वारुळे एका घरची झाली म्हणे.

खिंडीतले घोंगडे आजही धूत नाहीत. त्यात हिरड्याचा धूर आहे, घाम आहे, अत्तर आहे, एसटीचे डिझेल आहे. मागे एका पाहुण्याने ते अंगावर पडताच नाक मुरडले. यमाबाईंनी भाकरी मोडून त्याच्या हातावर ठेवली.

"मुरडा खुशाल," त्या म्हणाल्या. "पुढच्या माणसाला तुमचाही वास येणार आहे."